शेपूट इंजिनाकडे

चिकटपट्टी

ती सगळ्यात वर असते, म्हणून आधी तीच निघाली. घोड्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोथट टोकाची कात्री खुरापाशी आत सरकवली आणि कोपरापर्यंत वर नेली. ठकी घोडी गुंगीच्या इंजेक्शनाने मान खाली सोडून तीन पायांवर उभी होती. पुढचा डावा पाय पांढऱ्या खांबासारखा. सासूबाईंनी तो सकाळी आपल्या हाताने बांधला होता.

"काय बांधलंय हो," डॉक्टर म्हणाले. "कापायला जीव होत नाही."

"चिकटपट्टी कापा. पट्ट्या मात्र सोडवा, मी धुऊन वापरते. आणि घाई करू नका. मला बघायचंय माझं कुठे चुकलं."

सुनेला बघायचं नव्हतं. ती ठकीचा दोर धरून उभी होती.

घरून निघताना हाड मोडलेलं होतं, पण आतल्या आत. कातडी शाबूत होती. असा पाय जुळण्याची आशा असते. हाड बाहेर आलं की बहुतेक घोडा गेलाच. आणि आता खुराच्या कडेने रक्त झिरपत होतं.

नळी आणि दांडा

पायाला आधार म्हणून मागून पाण्याच्या पाइपची उभी चिरलेली नळी, बाहेरच्या अंगाने झाडूचा दांडा. दोन्ही जमिनीपासून थेट कोपरापर्यंत.

"माझा नवा झाडू होता तो," सून सकाळी कुरकुरली होती.

"मग जुन्याचा घेऊ? तुझ्या हाताखाली वर्षभर राहिलेल्या दांड्यात काही जीव उरलाय का?"

दोघी हसल्या होत्या. मोडक्या पायाशी बसून हसल्या होत्या.

डॉक्टरांनी नळी फिरवून पाहिली. "तडा नाही. जागची हललीही नाही."

"वर कमी पडली असेल."

"नाही पडली."

"बोटभर तरी?"

"आई, नाही म्हणतायत ना ते," सून म्हणाली.

"तू दोर धर."

पट्टी

प्रत्येक पट्टी ओढून झाली की सासूबाई बाहेरून टिचकी मारत. पिकल्या कलिंगडासारखा आवाज यायला हवा. आला नाही तर सोडायची, पुन्हा बांधायची. सकाळी शेवटची टिचकी मारून त्या म्हणाल्या होत्या, "वाजतंय. आता गाडीत चढवताना लक्षात ठेव..."

"शेपूट इंजिनाकडे, तोंड दाराकडे."

"का?"

"पुढचा पाय मोडला की घोडा उलटा उभा करायचा. ब्रेक लागला की भार मागच्या पायांवर जातो. आई, लग्न झाल्यापासून ही गाडी मीच चालवतेय. किती वेळा सांगाल?"

"अजून एकदा सांगेन. माझ्या तोंडाला काय भाडं पडतंय?"

आणि त्या हात धुवायला गेल्या.

कापूस. पुन्हा पट्टी. पुन्हा कापूस.

यांत काही सापडलं नाही. सासूबाईंनी प्रत्येक थर उजेडात धरून पाहिला, चाचपला, हुंगलासुद्धा.

गाडी

(हा थर कात्रीला लागला नाही.)

फळीवरून ठकी सरळ आत चढली. वळवायची तर त्या अरुंद जागेत तीन पायांवर फिरवावी लागणार होती. सुनेने एकदा दोर ओढून पाहिला. ठकी लटलट कापायला लागली. मुक्या जनावराचे हाल नकोत, असं सून मनाशी म्हणाली. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं. सारखं सारखं काय सांगतात, मी काय कुक्कुलं बाळ आहे? तिने दाराची कडी घातली.

सासूबाई ओले हात पुसत केबिनमध्ये चढल्या. "वळवलीस ना गं?"

"हो."

लाकडाच्या वखारीपाशी एक ट्रक मागे न बघता उलटा रस्त्यावर आला. सुनेने ब्रेक दाबला. मागून आधी धप्पकन आवाज आला, मग ठकीचा, पण असा की तिच्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता.

"उलटी उभी आहे म्हणून वाचली गं बाई," सासूबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या.

सून पुढे बघत राहिली. दवाखान्यात पोचताच सासूबाई डॉक्टरांना बोलवायला धावल्या; त्या परत येईपर्यंत सुनेने ठकीला मागे सरकवत खाली उतरवलं होतं.

कातडी

शेवटचा कापूस चिकटला होता. डॉक्टरांनी तो ओला करून सोडवला. हाड बाहेर दिसत होतं, पांढरं.

"आता मी काही..." डॉक्टर म्हणाले.

"कळतं मला."

सासूबाईंनी तो कापूस हातात घेतला, पसरला. "ही बघा. सुरकुती. इथे पडलीय."

"सुरकुतीने फार तर कातडी सोलवटते. हाड बाहेर येत नाही."

"तुम्ही भल्या मनाने बोलताय. माझे हात गेले, डॉक्टर. आता कोणाचा पाय बांधायचा नाही मी."

हे इथेच मिटलं असतं. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, ठकी सांगणार नव्हती.

"आई, मी तिला वळवली नव्हती."

सासूबाई सवयीने पट्टीची गुंडाळी करत होत्या. हात थांबले नाहीत.

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"आणि तू हो म्हणालीस."

"हो."

डॉक्टर शेवटचं इंजेक्शन आणायला आत गेले. सासूबाईंनी कापसावरची ती सुरकुती अंगठ्याने सपाट केली. मग सुनेच्या हातातला दोर काढून घेतला.

"मी धरते. तू समोर उभी राहा. ओळखीचं माणूस दिसू दे तिला."

सून उभी राहिली. ठकीने तिच्याकडे बघत कान पुढे केले, दाणे आणले असतील म्हणून.

परत

पट्ट्यांच्या गुंडाळ्या सासूबाईंनी केबिनमधल्या आपल्या जागेवर ठेवल्या.

"घरी गेल्यावर आधी थंड पाण्यात घाल. गरम घातलंस तर रक्ताचा डाग बसतो. ऐकलंस?"

"हो" हा शब्द सुनेच्या तोंडाशी आला, बाहेर पडेना. तिने मान हलवली.

"पट्ट्या लागतील अजून," सासूबाई म्हणाल्या. त्या पुढे चढल्या नाहीत. फळीवरून मागे गेल्या, ठकीच्या पेंढ्यावर बसल्या. "दार लाव."

सुनेने बाहेरून कडी घातली.

ती इतकी सावकाश निघाली की सायकलवाले पुढे जात होते. मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून थकल्या. वखार दिसली तशी तिने दुरूनच वेग कमी करत आणला, ब्रेकवर पाय न ठेवता. आई कुठे तोंड करून बसल्या आहेत, ते आरशात दिसत नव्हतं.