भिंतीवरून विमान उडत नाही

मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे, आणि या घरच्या थोरल्याची वागणूक मला मुळीच पसंत नाही. मित्रांनो, त्याने रद्दीचा गठ्ठा चक्क मला गुंडाळून बांधला! घरात सुतळी नव्हती का?

कारखान्यातून आले तेव्हा मी पिवळीधमक होते. माझी मालकीण, म्हणजे या थोरल्याची आई, कपडे शिवायची. दिवसभर मी तिच्या गळ्यात. गिऱ्हाइकं म्हणत, "बाईंचं माप म्हणजे दगडावरची रेघ." मोजायचं मी आणि कौतुक बाईंचं! असो. धाकट्या लेकीच्या शाळेच्या फ्रॉकपासून लग्नाच्या कपड्यांपर्यंत सगळी मापं मीच घेतली. पुढे बाईंची नजर अधू झाली, मशीनवर चादर पडली आणि मी खणात गेले, गंजक्या किल्ल्यांच्या शेजाराला. तरी तुटले नाही. पहिला इंच झिजलाय, बाकी मी ताठ आहे.

धाकटी आता साता समुद्रांपलीकडे असते. तिचे दिवस भरत आलेत. पहिलटकरीण, आणि जवळ आपलं म्हणावं असं कुणी नाही. बाई म्हणाल्या, "मी जाते."

"आई, काहीतरीच काय!" थोरल्याने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. "आपला विमानतळ या टोकाला, तिचा त्या टोकाला. अख्खी भिंत ओलांडायची. ती मागे इकडे आली, तेव्हा आज निघून परवाच्या तारखेला पोचली. दोन दिवस बसवेल तुझ्या गुडघ्यांना? तू येत नाहीस असं कळवलंय मी तिला."

विचारलं नाही हो, कळवलंय!

बाई उठल्या. त्यांनी गठ्ठ्यावरून मला सोडलं, झटकलं आणि नातीचा, म्हणजे थोरल्याच्या लेकीचा, पृथ्वीगोल मांडीवर घेतला. "घे, दाखव तुझा रस्ता."

थोरल्याने मला नकाशातल्यासारखं आडवं, गोलाच्या पोटावरून नेलं. दोन्ही गावांवर बोटं ठेवून बाईंनी मला खेचलं. मित्रांनो, ताणलेल्या टेपला खोटं बोलता येत नाही. मी सरसर वर सरकले, थेट उत्तरेच्या बर्फावर जाऊन बसले, आणि बाईंच्या हातात चार बोटं जास्त उरले; रस्ता तेवढा आखूड.

"विमान कशाला मरायला बर्फावरून जाईल?" थोरला हसला.

बाईंनी लेकीलाच फोन लावला आणि बर्फाचं नि दोन दिवसांचं विचारलं.

"अगं आई, बर्फावरूनच जातं! मी आले तेव्हा खाली नुसतं पांढरं. आणि दोन दिवस कुठले? तिकडची घड्याळं इकडच्या पुढे, म्हणून तिकडे येताना तारीख पुढची दिसते. दोन जेवणं, एक झोप आणि थोडा कंटाळा, की उतरलीस." मग तिचा आवाज बारीक झाला. "पण दादा म्हणाला, तुला यायचंच नाहीये."

बाईंनी फोन ठेवला.

मित्रांनो, जुन्या वस्तूची कीव करू नका, मला ती नकोच आहे. तिला खणातून काढा, एकदा ताणून बघा, मग काय ते बोला.

बाईंनी मला बोटाभोवती गुंडाळून पर्समध्ये टाकलं. बाळाची झबली शिवायची आहेत. मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "शिंपिणीचा मुलगा ना रे तू? गोल अंगाचं माप सपाट पाटावर घेतात होय? आणि माणसाला समोर उभं केल्याशिवाय त्याचं माप काढतात? माझे गुडघे माझे मी बघेन. तू तिकीट काढ. खिडकीचं काढ. तो बर्फ मला बघायचाय."