समोरच्या दारानं परत

मंडळी, शहापुरात इंटरनेट आलं ते दोन हजार चारच्या सुमारास, आणि ते हायवेनं पायी चालत आलं असं मी म्हटलं तर हसू नका. एक गृहस्थ कॉम्प्युटरवर पान उघडायला लावून शेजारी दाढी करायला गेले. परत आले तेव्हा पान अर्धंच उघडलं होतं आणि दाढी पुन्हा वाढली होती!

बाजारपेठेतल्या इंद्रजीतच्या सायबर कॅफेत असे चार कॉम्प्युटर होते. त्यातल्या कोपऱ्यातल्या एकावर दर गुरुवारी सारिका बसायची. सारिका जन्मापासून बहिरी, त्यामुळे बोलणंही आलं नाही. तिची आई बाईजा मुरबाडकडच्या धसईहून भाजी घेऊन शहापूरला यायची. भाजी विकेपर्यंत लेक इथं. 'गप्पाघर' नावाच्या चॅटवर सारिकाच्या मूकबधिर शाळेतल्या मैत्रिणींनी आपली एक खोली केली होती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून तिथं त्या इतक्या बोलायच्या की बाईजा म्हणायची, "घरात गप, न् हितं बघा, बोटांना दम नाय!"

एका गुरुवारी सारिकानं गप्पाघर उघडलं, तर समोर एवढंच आलं: 'या पत्त्यावरून बुधवारी दुपारी ३.१० वाजता शिवीगाळ झाली. या पत्त्याला प्रवेश बंद.'

कॉम्प्युटर चार असले तरी कॅफेची लाइन एक, आणि लाइनीचा नंबर, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ताही, एकच. त्या नंबरालाच गप्पाघराच्या राखणदारांनी कुलूप ठोकलं होतं. एकानं घाण केली, चौघांना बंदी!

सारिकाचा चेहरा उतरला. नाशिकच्या शिवणाच्या कारखान्यात सोमवारी कामाची परीक्षा होती. कुठं यायचं, किती वाजता, ते तिची मैत्रीण जना आज सांगणार होती. पत्र टाकलं तर मंगळवारी पोचणार. मोबाइल दोघींकडे नव्हता, आणि ऐकू न येणाऱ्यांना फोन काय कामाचा? पहिल्या पगाराची नोकरी त्या एका ओळीवर अडली होती.

बाईजा रिकामी टोपली घेऊन आली तेव्हा इंद्रजीत म्हणाला, "मावशी, मुरबाडकडची पोरं येतात ना, त्यांनीच केलं असणार. गावठी कुठली! आता त्यांना चॅटिंगच बंद करतो."

"मी पन मुरबाडचीच हाय रे," बाईजा म्हणाली.

"तसं नाय हो, तुमचं वेगळं."

"वेगळं कसं? भाजी घेताना वेगळं, शिवी देणारा शोधताना एकच व्हय?"

इंद्रजीतनं विषय बदलला. "काळजी करू नका. काल मी लाइन बंद करून चालू केली, नवा नंबर मिळाला, नवं नाव घेऊन आत गेलो."

"मग?"

"आत गेल्या गेल्या विचारलं, मला बाहेर का काढलं? त्यांनी नंबरांची सगळी रांगच बंद केली."

एवढा हुशार चोर मी सबंध ठाणे जिल्ह्यात पाहिला नाही!

शेजारच्या मोबाइलच्या दुकानातला सतीश मदतीला आला. त्यानं कसली कसली बटणं दाबली आणि टाळी वाजवली. "झालं! आता आपण जर्मनीहून आलोय असं त्यांना दिसणार. बस गो सारिका, फास्ट बोलून घे."

सारिका बसणार, तोच बाईजानं तिचा हात धरला.

"जर्मनीहून कशाला? पोर धसईची हाय."

"अहो मावशी, काम होतंय ना! नोकरीचा प्रश्न आहे."

"होतंय की. पन त्यांनी काय लिवून ठेवलंय? ह्या जागेवरनं शिवी आली. माझी पोर कदी तोंडानं बोलली नाय, आन् तिच्या नावावर शिवी! आज मागल्या दारानं आत घुसली आन् त्या राखणदारांनी धरली, तर ते म्हणणार, बघा, हीच ती. लिवलेलं खरं व्हईल. घरातनं बाहेर काढलेल्या माणसानं कौलं काढून आत उतरायचं नसतं. दारात उभं राहायचं, आन् ज्यानं केलं त्यानं सांगायचं, मी केलं."

"पण ज्यानं केलं तो सापडायला नको?" सतीश म्हणाला.

एवढ्यात सारिकानं काउंटरवरची गिऱ्हाइकांची वही ओढली. प्रत्येकानं नाव आणि वेळ लिहायची, हा इंद्रजीतचाच नियम. तिनं बुधवारचं पान काढलं. एकपर्यंत नावं होती, चारनंतर नावं होती. मधली जागा कोरी. रोज दुपारी कॅफे बंदच असे. तिनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि कागदावर लिहिलं, 'दुकान बंद. आत कोण?'

मालक आपलं नाव वहीत लिहीत नाही, मंडळी. नियम गिऱ्हाइकांसाठी असतात!

इंद्रजीतचे कान लाल झाले. सतीश कीबोर्डवरची बटणं मोजू लागला.

"मावशी..." इंद्रजीतचा आवाज खाली आला. "मीच. एका खोलीत एक मुलगी फार तुटकं लिहीत होती. 'मी काम नाशिक. तू ये सोमवार.' असलं. मला वाटलं कुणीतरी अडाणी आहे. मजा म्हणून चिडवलं. मग... जे सुचेल ते लिहीत गेलो."

सारिकानं त्याच्या ओठांवरून 'नाशिक' तेवढं ओळखलं. तिनं लिहिलं, 'ती जना. बहिरी. माझ्यासारखी.'

इंद्रजीतनं तो कागद दोनदा वाचला. अरेरे! समोर माणूस आहे हे त्याला आत्ता कळलं, आणि तेही न बोलणाऱ्या मुलीनं सांगितलं तेव्हा!

सतीशनं जर्मनी बंद केली. इंद्रजीतनं राखणदारांना ई-मेलनं पत्र लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं, 'आमच्याकडून अनवधानाने'. बाईजानं वाचायला लावलं आणि विचारलं, "अनवधान म्हंजे कोन? ते कुटं राहतं?" मग त्यानं खोडून नीट लिहिलं: शिव्या मी दिल्या, माझं नाव इंद्रजीत, कॅफे माझा. मला कायमचं बंद ठेवा. माझ्या गिऱ्हाइकांचा दोष नाही. एका मुलीची नोकरी अडली आहे, तिला आत घ्या.

शनिवारी मायलेकी पुन्हा धसईहून आल्या. कुलूप निघालं होतं. राखणदारांनी उत्तरात लिहिलं होतं, 'पत्ता मोकळा केला आहे. तुम्ही स्वतः मात्र सहा महिने बाहेर. आणि माफी आमची नको, जिला शिव्या दिल्या तिची मागा.'

जना वाटच बघत होती. सोमवार, सकाळी दहा, कारखान्याचा पत्ता, बरोबर काय आणायचं, सगळं तिनं धडाधडा लिहिलं. मग विचारलं, 'शिवी देणारा कोण?'

सारिकानं मान वळवून इंद्रजीतकडे पाहिलं आणि लिहिलं, 'माझ्या मागे उभा. लाज वाटते त्याला. माफी मागतो.'

मग ओळ उमटली: 'आम्ही तुटकं लिहितो. शिवी आम्हालाही पूर्ण येते. तरी दिली नाही.'

इंद्रजीतनं डोळे पुसले.

तर नागरिकहो, माझ्या गोष्टींत थापा बऱ्याच असतात, पण एवढं खरं धरा. पडद्यापलीकडे नाव दिसत नाही म्हणून माणूस नसतो असं नाही. आपल्या एका शिवीनं आपल्याच शेजाऱ्याचं दार बंद होतं, आणि आपण मात्र दोष दुसऱ्या गावाच्या माथी मारतो. बंद झालेलं दार युक्तीनं उघडतं, नाही असं नाही. पण तसं आत गेलेला माणूस आत गेला तरी चोरच राहतो. चूक कबूल करून उंबऱ्यावर थांबायला लाज वाटते. वाटू द्या. त्या लाजेनं आजवर कुणी मेलेलं माझ्या ऐकिवात नाही.