दोस्ताची बोली

डबीत सुया खुळखुळत होत्या... वापरलेल्या, बोथट. ग्रामोफोनची सुई एकदा वापरून फेकून द्यायची असते. पण मेंडोन्सा एकही फेकत नसे. कमरुद्दीनने सायकल थांबवली, सदऱ्याच्या खिशातली डबी रुमालात गुंडाळली आणि पुन्हा खिशात घातली. कॅरिअरवरच्या पेटीत चाळीस तबकड्या होत्या. सगळ्या मिळून दहा रुपयांच्या.

दहा रुपये! बल्लारशाच्या रेल्वे क्वार्टरांपुढे आज सकाळी झालेल्या मेंडोन्साच्या सामानाच्या लिलावात मोडक्या खाटेलाही सोळा आले.

आठ वर्षं तो दर रविवारी गार्ड मेंडोन्साकडे जात होता. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, म्हणून पहिल्यांदा ग्रामोफोनची स्प्रिंग बसवायला गेला. मग नुसतं जॅझ ऐकायला. ते कर्णे, ते मध्येच भरकटून पुन्हा ठेक्यावर येणं — आधी हसू यायचं, पुढे पुढे रविवार कधी उजाडतो असं व्हायचं. मेंडोन्सा दिवाळीनंतर वारला. आणि परवा त्याच्या बायकोने विचारलं, "कमरूभाऊ, तुमाले समजते. या रेकॉर्डीले काय भाव येईल?" जुन्या तबकड्या घेणाऱ्या नागपूरच्या दुकानदाराचं पत्र तेव्हा कमरुद्दीनच्या खिशातच होतं... मुंबईच्या लिलावात शौकीन लोक अशा एकेका तबकडीला पंचवीस मोजतात, आम्ही पंधरा देऊ. आणि तो म्हणाला, "घिसून गेल्या बाई. चार आन्याच्या वर कोनी देनार नाई."

जीभ कशी झडली नाही माझी?

चहाचं हॉटेल चालवणारा सोमाजी पन्नासपर्यंत जायच्या तयारीने आला होता. कमरुद्दीनने दहा म्हटलं, तसा सोमाजीचा वर चाललेला हात खाली आला. "तुमी त्याचे दोस्त. मेलेल्याच्या दोस्तावर बोली कशी चढवू जी मी?" बाकी कुणीही बोली लावली नाही. इथली रीतच ती, दोस्ताने बोली लावली की बाकीच्यांनी तोंड मिटायचं. कमरुद्दीनला ती ठाऊक होती — ठाऊक होती म्हणून तर त्याने सर्वांच्या आधी तोंड उघडलं होतं. पुकारणाऱ्या नानाजीने एक बार, दोन बार, तीन बार इतक्या घाईने म्हटलं, जणू उशीर लावणंही पाप.

मग मेंडोन्साची बायको बाहेर आली, डबी त्याच्या हातात ठेवली. "ते म्हनत होते, मी गेलो तर रेकॉर्डी कमरूले फुकटात दे. पर मले गोव्याले जायाले पैसे पाहिजेत, म्हनून लिलावात ठेवल्या. माफ करा भाऊ."

"काई हरकत नाई बाई," तो म्हणाला होता.

माफ केलं! तिला! मी!

ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं. उद्या दुपारच्या गाडीने ती जाणार... अजून मागे फिरता येईल. पत्र दाखवावं, पेटी पुढे ठेवावी. नाहीतर सांगावं, भाव अचानक चढला — हो, असंही सांगता येईल, पुन्हा एक थाप. त्याने सायकल अर्धी वळवली. सहाशे रुपये जातील, जाऊ देत. त्यांचं आता काही वाटत नव्हतं, आणि याचंच त्याला नवल वाटलं. भीती निराळीच होती. खरं ऐकून ती शिव्या देणार नाही. ती म्हणेल, बसा भाऊ, चहा घ्या.

तो तसाच उभा राहिला, हँडल आडवं धरून.