परवाची सवाष्ण

२०१८ सालच्या भाद्रपदातल्या एका शुक्रवारी अंजनाबाई जिन्याच्या मधल्या वळणावर थांबल्या आणि पदराने कपाळ पुसू लागल्या. टिकली त्या रोजच लावत. तिचं त्यांना काही नव्हतं. पण हे कुंकू शुक्रवारच्या हळदीकुंकवाचं, देवीपुढचं होतं, आणि ते लावून घेताना वाकावं लागलं होतं. खालून घरमालकीण भागीरथाबाईंचा आवाज आला.

"परवा आठवणीनं या वं! तुमच्याचसाठी पाट मांडून राहिली मी."

अंजनाबाईंनी "हो" म्हटलं आणि उरलेल्या पायऱ्या चढल्या.

महाल भागातल्या कोष्टीपुऱ्यात हे घर मिळून सहा महिने झाले होते. देवाजी कन्हानच्या खदानीतून निवृत्त झाले आणि दहा वर्षांनी त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कन्हानहून येताना एकदा ते बसमध्येच पडले. मग मुलाने, धम्मानंदने, दवाखान्याजवळ घर शोधायला घेतलं. अकरा घरं पाहिली. अकराही ठिकाणी आधी हसून बोलले आणि नाव कळल्यावर "पाहुणे येणार आहेत" म्हणाले. बाराव्या घरी मालक बाबनरावांनी विचारलं, "वानखेडे म्हणजे कुणबी ना?" आणि धम्मानंदने होकाराची मान हलवली. स्वतःचं नाव आनंद सांगितलं. नोकरीला तो पुण्याला निघून गेला. मान हलवलेली तेवढी इथे राहिली.

तेव्हापासून बाबासाहेबांची तसबीर कपाटात साड्यांखाली होती. सकाळची वंदना अंजनाबाई न्हाणीत नळ सोडून म्हणत. फोनवर मुलाला मोठ्याने "आनंद" म्हणत, कारण खिडकी खालच्या अंगणात उघडत होती.

देवाजी पलंगावर उशीला टेकून बसले होते.

"काय म्हणते मालकीण?"

"परवा महालक्ष्म्यांचं जेवण. मले सवाष्ण म्हणून बसवून राहिल्या. दरसाल त्यांच्या यमुताई बसत. त्यांचे यजमान उन्हाळ्यात गेले."

"मंग तुलेच काहून?"

"तुम्हांले आराम पडावा म्हणून. माझं कुंकू बळकट व्हावं म्हणते."

देवाजी हसले. "माझ्या किडन्यांसाठी तुझे पाय धुतीन? बस मंग. फुकटात सोळा भाज्या."

"तुम्हांले हसू येऊन राहिलं."

"रडून काय करू? अकरा घरं पाहिली आनंदानं."

"घरात तरी धम्मानंद म्हणा."

देवाजींनी तोंड भिंतीकडे वळवलं. ज्या हाताला डायलिसिसची नळी लावत, त्याची शीर फुगून दोरीसारखी झाली होती. अंजनाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

छप्पन साली त्या सात वर्षांच्या होत्या. दीक्षेच्या मैदानात आईने त्यांचा हात धरून वर केला होता. घरी परतल्यावर आईने देव टोपलीत भरले आणि कन्हान नदीच्या पाण्यात सोडले. "आता कोणाच्या पाया पडायचं?" असं लहानग्या अंजनाने विचारलं, तेव्हा ओल्या हाताने तिचे केस सारखे करत आई म्हणाली होती, "कोणाच्याच नाही."

शनिवारी तिसऱ्या प्रहरी अंजनाबाई खाली उतरल्या. पुढच्या खोलीत बाबनराव टीव्ही बघत होते. त्यांच्या वडिलांच्या हातमागावर आता गाद्यांची चळत होती. आत स्वयंपाकघरात भागीरथाबाई कोहळं चिरत होत्या.

"भागीरथाबाई, मी उद्या बसत नाही."

"काहून? या वयात कोणती अडचण आली वं बाई?" त्या स्वतःच खुदकन हसल्या.

"आम्ही बौद्ध आहो."

विळीवरचा हात थांबला. भागीरथाबाई उठल्या, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसल्या.

"वानखेडे म्हणे ना?"

"वानखेडेच. पोराचं नाव धम्मानंद आहे."

"अन् काल देवीपुढं वाकल्या तुम्ही?"

"वाकली. पाटावर बसणं होत नाही माझ्याच्यानं. तुम्ही खरंच पाय धुसान, यांच्या जिवासाठी मागसान. ते खोटं घेऊन मी कुठं जाऊ?"

भागीरथाबाईंनी कोहळ्याच्या फोडी बाजूला सारल्या. मग हळू आवाजात, रागाने म्हणाल्या, "मले काहून सांगितलं? पोट दुखते म्हटलं असतं तं काय बिघडलं असतं?"

अंजनाबाईंनी लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"यांले समजलं तं उद्याच्या उद्या सामान रस्त्यावर ठेवतीन. ऐकून राहिल्या ना? तुमची पाठ धरली. उठता येत नाही. दोन दिवस वरून हलू नका."

दोन दिवस अंजनाबाई पलंगावर पडून राहिल्या. खालून आरती आली, आंबिलीचा वास आला. सोमवारी देवाजींची डायलिसिसची पाळी होती. ते एकटेच निघाले. कठड्याला धरून उतरणारं त्यांचं एकेक पाऊल त्या मोजत होत्या. नवव्या पायरीवर पाऊल थांबलं. त्या उठून दारापर्यंत गेल्या, कडीला हात लावला, आणि तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात बाबनराव ओरडले, "अहो वानखेडे, थांबा ना गा! बाईची पाठ धरली तं मी नाही काय?" मग स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

पुढच्या शुक्रवारी खालून हाक आली, नेहमीपेक्षा मोठी. "अंजनाबाई, या वं हळदीकुंकवाले!"

त्या गेल्या. भागीरथाबाईंनी ताट दोघींच्या मध्ये ठेवलं, पण कुंकवाच्या कोयरीला हात लावला नाही. "घ्या, कुंकू घ्या," त्या पुढच्या खोलीत बाबनरावांच्या टीव्हीच्या दिशेने म्हणाल्या. हळदीकुंकवाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ दोघी समोरासमोर बसून राहिल्या. चहा विचारला नाही. उठताना भागीरथाबाईंनी खाली बघत विचारलं, "डॉक्टर काय म्हणते?"

असे सोळा महिन्यांचे शुक्रवार गेले.

देवाजी २०२० च्या जानेवारीत गेले, दवाखान्यातच. अंजनाबाई पुण्याला मुलाकडे राहतात. तिथे दारावर त्याचं पूर्ण नाव आहे. बाबनराव पुढच्या वर्षी गेले. वानखेड्यांसारखे भाडेकरू पुन्हा मिळाले नाहीत, असं ते शेवटपर्यंत सांगत. वरचा मजला त्यानंतर दोनदा भाड्याने गेला. आता भागीरथाबाईच घर दाखवतात. पाण्याची वेळ सांगतात, गच्चीची किल्ली देतात. कोणी आपणहून आडनाव, गाव सांगू लागलं, तर त्या हात वर करतात.

"राहू द्या. मले नका सांगू."