रखमावैनींची चार सुपं

ही २०२४ सालची गोष्ट. साल पक्कं लक्षात आहे, कारण आदल्या वर्षी अधिक श्रावण आला, गणपती लांबले आणि गौरी आल्या त्या पूर्वा नक्षत्र टळून गेल्यावर. आमच्यात नव्या सुनेचा ओवसा पूर्वातल्या गौरींनाच होतो. त्यामुळे माझी सून अक्षदा हिचा ओवसा चोवीस सालावर गेला, आणि त्या वर्षी ती होती मेलबर्नला, पाचव्या महिन्यात. डॉक्टरणीने विमानात बसायची मनाई केलेली.

आम्ही मूळचे कणकवलीकडचे, पण राहायला गिरण्यांच्या दिवसांपासून लालबागलाच. ज्यांना ओवसा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बांबूची पाच नवी सुपं आणायची. त्यांत फळं, विडे, नारळ, हळदकुंकू भरायचं, सुताने वेढायचं आणि सुनेने ती गौरीसमोर ओवसायची, म्हणजे ओवाळून अर्पण करायची. एक सूप गौरीचं, एक तुळशीचं, एक नवऱ्याचं, एक सासूचं आणि एक घरातल्या थोरल्या माणसाचं. पुढे मूल झालं की बाराव्या दिवशी त्याला आईच्या ओवशातल्या गौरीच्या सुपात निजवायचं. माझ्या वैभवला तसंच निजवलं होतं.

अक्षदाला हे सगळं माहीत होतं. तिची आई ती लहान असतानाच गेली. वरळीच्या बीडीडी चाळीत मावशीने तिला वाढवलं. एरवी फोनवर खिदळणारी पोरगी त्या दिवशी आधी डॉक्टरणीचं सांगून मोकळी झाली. मग म्हणाली, "आई, बाळाला सुपात घालायचं, तर सूप नको का ओवशाचं? माझ्याकडे आईचं काही म्हणजे काहीच नाहीये. निदान बाळाकडे तरी असू दे."

वैभव मागून ओरडला, "आई, ऐकू नकोस हं हिचं. इथे लाकडाचा चमचा आणला तरी भिंगातून बघतात."

"मग बघू देत," मी म्हटलं. "मी येते सुपं घेऊन."

माझ्या शेजारी रखमावैनी बसल्या होत्या. या माझ्या थोरल्या जाऊबाई, तेव्हा ब्याऐंशीच्या. मूलबाळ नाही, वैभवला वाढवला तो त्यांनीच. त्यांच्याबद्दल एक सांगायला हवं. माझा स्वतःचा ओवसा त्र्याऐंशी सालचा. गिरण्यांचा संप मोडीत निघालेला, माझा नवरा आणि थोरले दीर, दोन्ही भाऊ घरी बसून, गावी जायची सोय नाही. मी म्हटलं, राहू दे आता. वैनी उठल्या, चाळीत फिरल्या आणि पाच घरांतून पाच सुपं मागून आणली. कुणाचं काठाला मोडलेलं, कुणाचं उंदराने कुरतडलेलं. गौरी यायच्या आधी शेण, मेथीची पेस्ट आणि कागदाचा लगदा कालवून पाचही सुपं अशी सारवली, एक तर माझ्याच हातून, की नवी दिसली. शेजारच्या सुभद्राने आपलं सूप पुढे परत मागितलंच नाही. वैभव निजला तो त्याच सुपात.

तर सुपं न्यायची ठरली. माझी यादी मोठी होती. तेरड्याची रोपं, हळदीची पानं, शहाळं. वैभव म्हणाला, "आई, ओल्या पानांना परवाना लागतो, आणि तो हातात पडेपर्यंत पुढच्या वर्षीच्या गौरी येतील. फळं, विडे इथे बघतो मी. तू फक्त सुपं आण."

समोरच्या खोलीतली दर्शना बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कामाला. मालाची ने-आण, कस्टम्सचे कागद हे तिचं रोजचं. ती मोबाइलवर तिकडचे नियम वाचून म्हणाली, "काकी, बांबू चालतो. पण कीड नको, साल नको, माती नको. धुरी दिल्याचं सर्टिफिकेट असलं तर बरं. आणि विमानात कार्ड भरायला देतात, त्यावर ‘आहे’ म्हणून टिक करायची. लपवलं तर दंड, सांगितलं तर काही नाही."

"लपवायला मी काय सोनं नेतेय?"

"सोन्यापेक्षा सुपाला जास्त घाबरतात ते."

परळच्या बुरुडाकडून पाच सुपं घेतली आणि दर्शनाबरोबर टॅक्सीने रे रोडला गेले. तिथे लाकडाच्या वखारींच्या मागे परदेशी जाणाऱ्या खोक्यांना धुरी देतात. तिथल्या माणसाने आधी सुपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दर्शनाकडे.

"मॅडम, इकडे कंटेनर येतात. ही पाच सुपं घेऊन कुठे आलात? मस्करी करता काय?"

"मस्करी नाय रे. आपल्या काकीच्या सुनेचा ओवसा हाय."

"ते काय असतं?"

दर्शनाने सांगितलं. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. तो राजापूरचा निघाला. "आधी बोलायचं ना, काकी. आमच्या बायकोचा तीन वर्षं रखडला होता!" जर्मनीला जाणाऱ्या कसल्याशा यंत्रांच्या खोक्यांबरोबर आमच्या सुपांनीही धुरी घेतली. मला वाटलं, बाळंतिणीच्या आधी सुपांनाच शेकशेगडी झाली. कागदावर शिक्का बसला. दर्शनाने एकेक सूप वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावली, आणि टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात पाचही घालून ते आमच्या पलंगाखाली सरकवलं.

वैनींनी विचारलं, "कसलो धूर दिल्यात?"

"औषधाचा. कीड मरते त्याने," दर्शना म्हणाली. "आता सुपं एकदम स्वच्छ झाली. आज्ये, हात लावू नकोस हां. तिकडे स्वच्छ वस्तू असली तरच आत घेतात."

वैनींनी मान डोलवली. ती मान डोलवणं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी अक्षदाला साडी घ्यायला दादरला गेले. परत आले तर घरभर मेथीचा वास. पंखा पाचवर आणि वैनी पलंगावर पाय पसरून बसलेल्या.

"वैनी, हे काय?"

"गुडघ्याक मेथी लावलंय गो. काय कळ मारता म्हणान सांगू!"

मी त्यांच्या गुडघ्यांना बामही चोळून दिला. खोकं मात्र दुसऱ्या दिवशी उचलताना जरा जड लागलं. म्हटलं, आपणच थकलो.

मेलबर्नला उतरले. कार्डावर टिक केलेली होती, म्हणून मला वेगळ्या रांगेत पाठवलं. पुढे स्टीलचं लांब टेबल आणि पलीकडे हातमोजे घातलेली एक बाई, माझ्याच वयाची, केस पांढरे, चेहरा हसरा. माझं इंग्रजी दोन वाक्यांत संपलं. तिने फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि त्यातून चक्क मराठी आवाज आला.

"नमस्कार ताई, मी दुभाषी बोलतेय. त्या विचारतायत, खोक्यात काय आहे?"

मला इतका आनंद झाला! "सुपं आहेत हो. पाच. नवी कोरी. धुरी दिलेली. हा कागद."

बाईने कागद वाचला, खूश झाली, खोकं उघडलं. आणि उघडताच तो वास आला. मेथीचा, आणि मेथीच्या खालून आमच्या गावच्या पडवीचा.

चार सुपं छान सारवलेली. गुळगुळीत, काठापर्यंत. प्रत्येकाच्या मधोमध हळदकुंकवाची पाच बोटं. वैनींचा हात लगेच ओळखला. आता ही पाचही ठेवून घेणार, मी रिकाम्या हाताने बाहेर जाणार, आणि दाराशी अक्षदा उभी असणार.

"ताई, त्या विचारतायत, हे वरती काय लावलंय?"

क्षणभर वाटलं, माती म्हणावं. मग आठवलं, मातीपण नकोच होती.

"शेण," मी म्हटलं.

दुभाषी बाईंनी विचारलं, "कसलं शेण?"

"गाईचं. आणखी कसलं असतं?"

"अहो ताई, शेण कशाला लावलंत?"

"मी नाही लावलं. माझ्या जाऊबाईंनी लावलंय. त्यांना सांगितलं होतं, सुपं स्वच्छ पाहिजेत. म्हणून त्यांनी स्वच्छ केली."

दुभाषी बाईंना हसू आवरेना. तरी त्यांनी सगळं नीट सांगितलं असावं, कारण टेबलापलीकडची बाई सुपाकडे पाहून हळूच काहीतरी बोलली.

"त्या म्हणतायत, काम फार सफाईदार आहे. पण आत घेता येणार नाही."

मग तिने खोक्याच्या तळाशी हात घातला आणि चिमट्याने एक वाटोळी गोष्ट वर काढली. गोवरी! वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"आणि हे काय, ताई?"

"तेही शेणच. वाळवलेलं."

"त्या विचारतायत, आणखी कुठे शेण आहे का?"

"नाही हो. एवढंच."

गोवरीखाली पाचवं सूप होतं. त्याचं प्लॅस्टिक तसंच, दर्शनाची चिकटपट्टी तशीच. गोवरी कशासाठी आणि हे एकच सूप कोरं का, ते माझ्या लख्खकन ध्यानात आलं. आमच्यात गौरीचं सूप नव्या सुनेने आपल्या हाताने सारवायचं असतं. वैनींनी ते अक्षदासाठी राखलं होतं. गोवरी भिजवून सारव म्हणून.

मी फोनमध्ये तोंड घालून हे सांगितलं. बाळाचंही सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं तरी त्र्याऐंशी सालचंही सांगितलं. बाईने शांतपणे प्लॅस्टिक कापलं. सूप उजेडात धरलं, भिंगातून कामटीन् कामटी पाहिली. मग टेबलावर पांढरा कागद पसरून सूप दोन्ही हातांनी त्यावर हळूहळू आपटलं, काही पडतं का बघायला. तांदूळ पाखडावेत तसं. हाताला वळण चांगलं होतं तिच्या. कागदावर काही पडलं नाही.

तिने ते सूप माझ्या हातात दिलं आणि बाकीची चार नष्ट करायच्या मालाच्या पिवळ्या पिशवीत घातली. मी खरं सांगितलं होतं म्हणून दंड नाही.

बाहेर अक्षदा पोटावर हात ठेवून उभी. एकच सूप पाहून तिचा चेहरा उतरला. मी सगळं सांगितलं तशी ती तिथल्या बाकड्यावर बसून इतकी हसली की वैभव घाबरला. हसता हसता रडली. "रखमाआज्जींनी माझ्यासाठी ठेवलं?" एवढंच म्हणत राहिली.

आता चार सुपं कुठून आणायची? वैभव म्हणाला, एकावरच भागव. मी म्हटलं, माझा ओवसा मागून आणलेल्या सुपांवर झालाय, तुझ्या बायकोचाही होईल. शेजारी लान नावाची एक व्हिएतनामी बाई राहायची. तिच्या अंगणात गोल बांबूच्या टोपल्यांत तांदळाचे पापड वाळत घातलेले मी आल्या आल्या पाहिले होते. अक्षदाला घेऊन गेले. लानने दोन तिथल्या तिथे रिकाम्या करून दिल्या आणि दुकानाचा पत्ता सांगितला, तिथून दोन आणल्या. कोपऱ्यावरच मिळत होत्या! आणि मी रे रोडपर्यंत गेले.

मग रखमावैनींना व्हिडिओ कॉल लावला. शेजारी दर्शना कपाळाला हात लावून बसलेली, तिला एव्हाना कळलं होतं.

वैनींनी पहिलंच विचारलं, "माझी चार सुपां खंय?"

"वैनी, ती इथल्या सरकारने ठेवून घेतली."

"ठेवन घेतल्यानी?" वैनींचा चेहरा उजळला. "बघ गो दर्शना! वायट वस्तू कोण ठेवन घेता काय?"

दर्शनाने तोंडात पदर कोंबला. मी लानच्या टोपल्या फोनसमोर धरल्या.

"ह्यां काय वाटोळां?"

"शेजारणीची सुपं, वैनी. इथे अशीच असतात."

"आसांदेत. शेजारणीची म्हंजे चलतत. पण ती पण नागडीच?"

"शेण चालत नाही इथे."

"एवढो मोठो देश, आणि गाय नाय?"

"गायी आहेत हो. शेण वाटेवर मिळत नाही."

वैनींनी थोडा विचार केला. "मगे मेथी नि कागदाचो लगदो लाव म्हणा. माझ्या आवशीन पण एका वर्साक तसांच केल्यान. गवर काय वास घेवक येणा नाय."

अक्षदाने गौरीचं सूप स्वतः सारवलं. फोन डब्याला टेकवून ठेवला होता आणि वैनी लालबागहून हुकूम सोडत होत्या. "काठाक लाव. बोटान नको, तळव्यान." पोरीच्या कोपरापर्यंत मेथी. मी आत भाजी चिरत होते, पण कान तिकडेच.

गौरीच्या दिवशी तिने हिरवी साडी नेसली, सुपं भरली आणि ओवसली. लान आपल्या सुपांचं काय करतात ते बघायला आली आणि आरतीला टाळ्या वाजवून गेली. थोरल्या माणसाचं सूप अक्षदाने फोनसमोर धरलं. वैनींनी पलीकडून दोन्ही हात पुढे केले, जणू घेतलंच.

त्यानंतर कुणाचं काय झालं ते सांगते. जानेवारीत मुलगी झाली, दीपिका. बाराव्या दिवशी ती त्या सुपात निजली आणि सुपात मावेना म्हणून पाय बाहेर काढून निजली. सूप आता त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असतं. लानची दोन सुपं अक्षदाने परत नेली तर तिने घेतली नाहीत. वैभव हल्ली विमानतळावर कुणाला आणायला गेला की घरचे लोक त्याला विचारतात, शेण आणलंय का.

दर्शनाने नोकरी सोडली नाही, पण श्रावण लागला की परळ-लालबागच्या बायका तिच्या दारात सुपं घेऊन येतात, आणि रे रोडचा तो राजापूरचा माणूस कंटेनरबरोबर सुपंही घेतो. दर्शना आता सर्टिफिकेट देताना सांगते, "स्वच्छ ठेवा असं घरी म्हणू नका. नुसतं, उघडू नका म्हणा." सुभद्रा मागेच गेली. तिचं सूप अजून आमच्या माळ्यावर आहे. दुभाषी बाईंचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

पुढच्या वर्षी वैभव सगळ्यांना घेऊन गणपतीला आला आणि वैनींनी नातीला मांडीवर घेतलं. वैनी आता चौऱ्याऐंशीच्या आहेत, गुडघे खरोखरच दुखतात. चाळीत कुणी नवं आलं की त्यांना बोलावून सांगतात, ऑस्ट्रेलियाच्या सरकारकडे माझी चार सुपं आहेत. जपून ठेवली आहेत त्यांनी.

मला चिमट्याने धरलेली ती गोवरी मात्र आठवते, आणि हसू लपवायला मी उठून चहा टाकते.