दोनशे चौसष्ट चौकटी

दिनांक १२ ऑक्टोबर २०२४, दसरा. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कोथरूडच्या एका सदनिकेत हिंमतरावांनी सात अवजारांना हळदकुंकू लावून झेंडू वाहिला. आठवे अवजार मी. मला फूल मिळाले नाही. अठ्ठेचाळीस वर्षे मिळालेले नाही.

मित्रांनो, मी एक जुना स्प्लायसर आहे; चित्रपटाची फीत कापून पुन्हा चिकटवणारे वीतभर लांबीचे लोखंडी यंत्र. हिंमतराव तंत्रनिकेतनात शिकत होते, तेव्हा त्यांच्या फिल्म क्लबने मला घेतले. माझा सांधा पडद्यावर कळत नसे, म्हणून माझे कौतुक होई.

१९७६ साली, आणीबाणीत, क्लबमध्ये एक परदेशी भयपट आला. त्या देशात लष्कराची सत्ता होती. माणसे घरांतून नाहीशी होत. ते उघड सांगणे शक्य नव्हते, म्हणून दिग्दर्शकाने भुताची गोष्ट रचली. भूत एका शिक्षकाला उचलून नेते आणि सारी गल्ली एकेक करून खिडक्या लावून घेते. अकरा सेकंद, फितीवरच्या दोनशे चौसष्ट चौकटी. हिंमतरावांनी तेवढाच तुकडा माझ्या पात्याखाली कापला. त्यानंतर मला हात लावला नाही. तो तुकडा पत्र्याच्या डबीत आणि मी तिच्या शेजारी, असे आम्ही कपाटात राहिलो. एकमेकांशी बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते.

यंदा तंत्रनिकेतनात शिकणारी तनुजा सोने द्यायला आली. क्लब तिने पुन्हा सुरू केला आहे. सोबत त्याच चित्रपटाची तीच जुनी रिळे आणि चिकटद्रव्याची बाटली होती.

"काका, सांधे तपासून द्या. पण यात भूत दिसतच नाही हो. लोकांनी दचकायचं कुठे?"

"खिडक्या लागतात तिथे. तो भाग मी कापलाय."

"सेन्सॉरने सांगितलं होतं?"

"छे! त्यांच्या देशातल्या सेन्सॉरने सिनेमा भुताटकी म्हणून सोडला. आमचे सेक्रेटरी म्हणाले, 'येरवड्याला मुक्कामाला जायचंय का?' बावीस वर्षांचा होतो. कापून मोकळा झालो."

"म्हणजे खिडकी तुम्हीही लावलीत."

हिंमतरावांनी डबी उघडली, मला पुसले, बिजागरीत तेल सोडले. फितीची कड खरवडून त्यांनी दोन सांधे दाबले. प्रत्येक सांध्यात तुकड्याची एक चौकट खर्ची पडली. ताटात झेंडू उरला नव्हता. त्यांनी पक्कडीवरचा उचलून माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, अवजारांना तेलपाणी जरूर करा. मात्र पाते चालवण्याआधी, आपण ते कोणाच्या भीतीने चालवतो आहोत, हे स्वतःला एकदा विचारा. कापलेले जोडता येते, पण सगळे परत येत नाही.

परत बसलेल्या चौकटी: दोनशे बासष्ट.