लोट्यातलं पाणी

नवेगावच्या तलावाच्या बांधावर दहाव्याचे पिंड ठेवून बराच वेळ झाला, तरी एकही कावळा खाली उतरला नव्हता. समोरच्या झाडावर दोन-तीन बसून होते. माणसं सावली शोधत मागे सरकली. लीलाधरच्या पिंडाजवळ त्याची एकुलती मुलगी रीता आणि बायको कुंता, दोघीच उरल्या.

लीलाधरचा धाकटा भाऊ शालीकराम पळसपानाचा दोना घेऊन आला. जवळ येण्याआधीच मोहाच्या दारूचा वास आला. तो पिंडाजवळ दोना ठेवणार, तेवढ्यात रीताने मध्ये हात धरला.

"काऊन अडवून राहिली व? त्याचा जीव ह्याच्यातच अडकला आहे."

"बाबांनी सोडली होती, काका."

"सोडली होती, पण विसरला नव्हता. अख्खी जवानी आम्ही दोघं संगं पेलो. मले मालूम नाही का?"

रीताने हात काढला नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून बाबा परतले, तेव्हा त्यांचे हात इतके थरथरायचे की शर्टाची बटणं माय लावून द्यायची. गावात रोज दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना व्हायची. बाबा सगळ्यात मागे, पाण्याने भरलेला पितळी लोटा दोन्ही हातांत धरून बसायचे. मौनाच्या वेळी तो लोटा हलायचा आणि धोतर भिजायचं. पोरं हसायची. दोन हिवाळे गेल्यावर पाणी सांडायचं थांबलं. मग बाबा तोच लोटा घेऊन दुसऱ्यांच्या घरी जाऊ लागले. ज्याची तलफ अनावर व्हायची, त्याच्या अंगणात बसायचे, त्याच्या हातात लोटा द्यायचे आणि खालून आपले हात लावायचे. उपदेश करायचे नाहीत. "माझी कुठं गेली? रोज येते. मी तिले बसवून ठेवतो," एवढंच सांगायचे. अशी चार घरं तरी त्यांनी सावरली. सख्ख्या भावाने मात्र त्यांना दारात उभं केलं नव्हतं.

"खरं सांग," शालीकराम म्हणाला. त्याचे डोळे लाल होते, आणि ते नुसत्या दारूने नव्हते. "मरतानी मागतली का नाही त्यानं?"

कुंताने मान वर केली. त्या वेळी दवाखान्यात रीता एकटीच होती. नाही म्हटलं असतं, तर कोणाला कळलं नसतं.

"मागतली," रीता म्हणाली. "थोडीशी आण म्हणाले. दोनदा म्हणाले."

"मंग?"

"मी लोटा दिला. हात पुन्हा तसेच हलत होते. सगळं पाणी चादरीवर सांडलं. पण त्यांनी तो सोडला नाही, काका. बोटं मला सोडवावी लागली."

कुंताने पदर तोंडावर घेतला.

शालीकराम दोन्याकडे बघत राहिला. रीताने पिंडाजवळ ठेवलेला बाबांचा लोटा उचलून त्याच्यापुढे धरला. त्याचा हात अर्ध्यापर्यंत आला आणि परत गेला.

"मले नोको देऊ," तो म्हणाला. "माझ्याच्यानं नाही होत." दोना तसाच हातात धरून तो बांधावरून चालू लागला. थोडं पुढे जाऊन आडोशाला बसला. त्यानंतर त्याची पाठच तेवढी दिसत होती.

कावळा शेवटपर्यंत आला नाही. ऊन डोक्यावर आल्यावर पिंड पाण्यात सोडले आणि लोक पांगले.

"चल ना व," कुंता म्हणाली.

"तू हो पुढं, माय. मी येते."

रीताने तलावातून लोटा भरून घेतला आणि तिथेच मांडी घातली. प्रार्थनेचे शब्द तिला लहानपणापासून पाठ होते, पण एकही ओठावर येईना. लोटा दोन्ही हातांत घट्ट धरला, तरी पाणी काठावरून सांडू लागलं. मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ आला. खालून हात लावायला आता कोणी नव्हतं.

कुंता गेली नव्हती. चार पावलांवर थांबून ती बघत होती. मग तीही येऊन शेजारी बसली. तिने हात पुढे केले नाहीत. नुसती बसून राहिली.